एक पट्टा, तीन घोटे
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोव्याहून आल्यापासून लिफ्टमध्ये मला एकच प्रश्न विचारला जातो, ‘‘तुम्ही तिघांनी मिळून एकच शर्यत केली म्हणजे नेमकं केलं काय?’’ सचिवांनी दहा मिनिटं दिली आहेत, तेवढ्यात सांगते.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं, मध्ये न थांबता. हा खेळ 1974 साली अमेरिकेत सॅन दिएगोला सुरू झाला. 1978 मध्ये हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा उतरले होते अवघे 15 जण, पूर्ण केली 12 जणांनी. आम्ही केली ती त्याच्या निम्मी. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर पळायचं. मैलांत ही बेरीज 70.3 होते, म्हणून शर्यतीचं नावही तेच. गोव्यात ती 2019 पासून पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर होते. ज्याला एकट्याला झेपत नाही त्याच्यासाठी रिले असते : एक पोहतो, दुसरा सायकल चालवतो, तिसरा पळतो. ऑलिंपिकमध्ये टोकियोपासून आलेली मिश्र रिले वेगळी. तिथे चौघं असतात आणि प्रत्येकजण तिन्ही प्रकार करतो. आपल्याला ते नको बाप्पा.

आपला संघ असा. पोहायला ए-विंगमधले काका, वय 61, वेकोलितून निवृत्त, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. सायकलवर तळमजल्यावरच्या भाडेकरूंचा मुलगा. (टी-शर्टवर सोसायटीचं नाव टाकताना ‘तो सभासद नाही’ असा मुद्दा बैठकीत निघाला होता. आज टाळ्या वाजवणाऱ्यांत ते गृहस्थही आहेत, म्हणून नाव घेत नाही.) आणि पळायला मी.

काकांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी तपासण्या करून परवानगी दिली. काकूंनी दिली नव्हती. ‘‘काऊन जी, हौदात पोहता तेवढं पुरत नाही का?’’ शेवटी त्या स्वतः गोव्याला यायला तयार झाल्या, त्या अटीवर सुटलो.

नागपुरात समुद्राचा सराव कुठून आणणार? तलावात तळाला रेघ असते, ती धरून सरळ जाता येतं. समुद्रात रेघ नाही. दर सात-आठ हातांनी डोकं वर काढून पुढची बोय शोधावी लागते, नाहीतर माणूस तिरका जातो आणि 1.9 चे सव्वादोन होतात. काका तलावात डोळे मिटून पोहायचे आणि आठव्या हाताला डोकं वर काढून भिंतीवरचं घड्याळ शोधायचे. सगळी मुलं हसायची. सायकलवाला पहाटे अमरावती रोडने कोंढाळीपर्यंत जाऊन परत यायचा. समृद्धीवर सायकलला मनाई आहे, हे बरंच. आणि उन्हाचं म्हणाल तर मी निर्धास्त होते. 45 अंशांत राहणाऱ्या बाईला गोव्याचे 32 काय करणार? तिथे गेल्यावर कळलं की आपल्या उन्हात घाम वाळतो, म्हणून अंग गार राहतं. आपला कूलरही त्याच तत्त्वावर चालतो. गोव्याच्या दमट हवेत कूलर चालत नाही आणि अंगावरचा घामही वाळत नाही. तो नुसता वाहतो.

रिलेत बॅटन नसते. पायाच्या घोट्याला एक पट्टा असतो, त्यात वेळ नोंदवणारी चिप. पोहणारा पाण्यातून धावत सायकलींच्या रांगेत येतो, त्याच्या घोट्यावरचा पट्टा काढून सायकलवाल्याने आपल्या घोट्याला लावायचा. पट्टा मिळेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. आणि प्रत्येक टप्प्याला मुदत असते. पोहण्याला 1 तास 10 मिनिटं. एकटा खेळणारा मुदतीत आला नाही तर त्याची एकट्याची शर्यत संपते. रिलेत पोहणारा अडला तर पुढच्या दोघांनी वर्षभर केलेली मेहनत रांगेत उभी राहते. काकांना हे ठाऊक होतं, आणि आम्हाला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. म्हणून आदल्या रात्री मी त्यांना सांगितलं, ‘‘काका, छातीत जरा काही वाटलं की हात वर करा. होडीवाले लगेच येतात. मुदत गेली तर जाऊ दे.’’ काका म्हणाले, ‘‘तू पोहून रायली का? झोप आता.’’

सकाळी 50 मिनिटं झाली. 55 झाली. इतर रिलेवाले निघाले, आमच्या रांगेत चार-पाच सायकली उरल्या. कठड्यापलीकडे काकू समुद्राकडे पाठ करून उभ्या होत्या. एक तास झाला तेव्हा सायकलवाल्याने हेल्मेटचा पट्टा तिसऱ्यांदा सोडून बांधला. मी घड्याळ बघणं बंद केलं.

1 तास 6 मिनिटांनी काका आले. पायाला वाळू, डोळे लाल, तोंडाने ‘‘घे, घे, घे’’ चाललेलं. पोराने वाकून पट्टा काढला आणि निघाला. मग काकूंनी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं आणि त्यांना एवढंच विचारलं, ‘‘चहा?’’

माझा पट्टा आला तेव्हा साडेअकरा वाजले होते. पोराने 90 किलोमीटर 3 तास 20 मिनिटांत आणले. पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवायची नाही असा नियम आहे, वारा ज्याचा त्याने खायचा. माझ्या पळण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बाराव्या किलोमीटरनंतर मी पाण्याच्या प्रत्येक टेबलावर बर्फ टोपीत भरून घेत होते. दोन तास चाळीस मिनिटं लागली. एकूण साडेआठ तासांची मुदत, आम्ही सव्वासातच्या आत.

नाशिकचे महाजन बंधू 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची सायकल शर्यत दोघांत वाटून पूर्ण करून आले. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये तीच एकट्याने केली. त्यांच्यापुढे आमचं काहीच नाही. पण आमच्या तिघांत गेल्या वर्षापर्यंत पार्किंगच्या वादापलीकडे बोलणं नव्हतं, हेही खरं.

आता कामाचं. पुढच्या वेळी काका म्हणतात, मला पळायचंय. काकूंना अजून सांगितलेलं नाही, आत्ताच कळतंय त्यांना. तेव्हा पोहणाऱ्याची जागा रिकामी आहे. सभासद, भाडेकरू, कोणीही चालेल. रविवारी पहाटे पाच वाजता गेटवर या, आणि येताना टोपी आणा.