चाचांचं रजिस्टर



ज्येष्ठांसाठी तरुणांनी काय करावं, यावर बोल असं मला सांगितलं आहे. एवढा मोठा विषय मला पेलणारा नाही, म्हणून मी एकाच माणसाबद्दल बोलणार आहे. तुमच्यातले पुष्कळ जण माझ्यासारखेच गाव सोडून पुण्या-मुंबईत आलेले आहेत. तुम्हाला ते ओळखीचं वाटेल.

माझे एक मित्र आहेत. आज त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. चिपळूणला बाजारपेठेच्या मागे त्यांचं घर, आणि पुढच्या खोलीत पुस्तकबांधणीचं काम. मी सातवीत असताना अब्बांनी एक जुना शब्दकोश बांधायला दिला होता. तो आणायला गेले आणि तिथेच बसून राहिले. मग शाळा सुटली की रोज तिथेच. खळ कशी शिजवायची, तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद किती घालायचं, हे सगळं मी तिथे शिकले. वयात चव्वेचाळीस वर्षांचं अंतर, पण या नात्याला मैत्रीशिवाय दुसरा शब्द मला सापडलेला नाही. हाक मात्र ‘चाचा’ अशीच.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. २००५ चा पूर पाहिलेल्यांनीही इतकं पाणी पाहिलं नव्हतं. चाचा शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर होते, म्हणून वाचले. दोन्ही मुलं आखातात, कोरोनामुळे विमानांचा पत्ता नाही. मोठ्या मुलाचा मला फोन आला, “तू जाशील का?”

सहा दिवसांनी मदतीचं सामान नेणाऱ्या एका टेम्पोतून मी गेले. ताम्हिणी, माणगाव, महाड, खेड असा वळसा घेऊन. सोबत पाणी, फिनेल, गमबूट आणि एक यादी: पंचनामा, रेशनकार्ड, आधार, बँक. तिसऱ्या दिवशी चाचांना घेऊन पुण्याला परत. मी ऑफिसात प्रोजेक्ट सांभाळते, तसाच हाही प्रोजेक्ट.

मी पोहोचले तेव्हा चाचा मशिदीत होते. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी जेवण शिजत होतं. घरात गुडघाभर गाळ. कोपऱ्यावर कचऱ्याचा ट्रॅक्टर उभा होता आणि तो निघायच्या घाईत होता. मी मोहल्ल्यातली दोन पोरं धरली आणि खोली रिकामी करायला लागले. गाद्या, पुठ्ठे, फुगलेलं कपाट. खिडकीजवळ फळ्यांवर चिखलाने काळ्या झालेल्या पुस्तकांची चळत होती, मध्ये मध्ये रद्दी घातलेली. वर एक लांबट रजिस्टर आणि त्याच्यावर एक दगड. मी दगड बाजूला ठेवला आणि बाकीचं गोणीत भरून ट्रॅक्टरवर टाकलं.

चाचा आले. आधी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग खिडकीकडे बघून म्हणाले, “इथली पुस्तकं गो?”

तुम्हाला सांगते, तो कचरा नव्हता. भिजलेलं पुस्तक लगेच उघडायचं नसतं, पानं फाटतात. बाहेरून गाळ हलकेच काढायचा, कोरा कागद किंवा रद्दी घालून ठेवायचं, रद्दी ओली झाली की बदलायची, ऊन लावायचं नाही, सावलीत वारा द्यायचा. सहा दिवस तो माणूस, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, स्वतःच्या रेशनकार्डाकडे न बघता दिवसातून तीन वेळा ती रद्दी बदलत होता. कारण ती लोकांची पुस्तकं होती. बांधायला दिलेली. अमानत.

आणि त्या गोणीत एका घरातल्या आजोबांच्या हातचं कुराण होतं. एका घराची पारायणाची ज्ञानेश्वरी होती.

मी धावत गेले. ट्रॅक्टर गेलेला. दुसऱ्या दिवशी ती दोन पोरं आणि मी कचरा टाकतात तिथे दुपारपर्यंत उकरत होतो. तिथे किती गावाचं किती सामान पडलं होतं, ते मी वर्णन करत नाही. तीन पुस्तकं मिळाली. कुराण त्यात नव्हतं.

चाचा मला एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटत होतं. रात्री नमाज झाल्यावर म्हणाले, “वही-पेन आहे का तुझ्याकडे?” आणि रजिस्टर आठवून लिहायला लागले. सतरा जणांची पुस्तकं होती. पंधरा नावं आठवली.

मग चार दिवस आम्ही घरोघर फिरलो. माझ्या यादीत हे काम कुठेच नव्हतं. ज्यांचं फ्रीजपासून तांदळापर्यंत सगळं वाहून गेलंय, त्यांना पुस्तकाचं काय, असं मी एकदा बोलून गेले. चाचा म्हणाले, “त्यांनी विचारलं नाही तरी मला सांगायला हवं.” कोणी हसून चहा दिला. एक मास्तर चिडले, आणि बरोबरच चिडले. ज्ञानेश्वरीवाल्या काकू म्हणाल्या, “आमच्याकडे असती तरी गेलीच असती हो.” कुराण ज्यांचं होतं त्या घरी म्हातारी दादी एकटीच होती. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, “कुणी टाकलं?”

चाचा म्हणाले, “माझ्या दुकानातून गेलं.”

मी म्हटलं, “मी टाकलं, दादी.”

तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग “बस” म्हणाली. बस म्हणजे बसायला सांगितलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही.

कागदांचंही थोडं सांगते, कारण तुमच्या घरी ही वेळ येईल. मोबाइल पुरात गेला, म्हणजे आधारचा ओटीपी कुठे येणार? नवं सिम घ्यायला जावं तर दुकानदार आधारवर अंगठा मागतो. आणि पन्नास वर्षं कागद आणि दोरा ओढून चाचांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत. मशीन दर वेळी नाही म्हणायचं. शेवटी मतदार ओळखपत्रावर सिम मिळालं, आणि आधार केंद्रावर डोळ्यांच्या स्कॅनने काम झालं. बोटांऐवजी डोळे चालतात, हे तिथे आपण होऊन कोणी सांगत नाही, मागावं लागतं. आणि गंमत बघा, चाचांना लॅमिनेशनचा भारी राग. कागदाचा श्वास कोंडतो म्हणतात. पण मुलाने जबरदस्तीने लॅमिनेट केलेलं ते एकच ओळखपत्र पुरातून शाबूत निघालं. त्यावर ते अजून काही बोललेले नाहीत.

पंचनाम्यात नाव लागलं, सानुग्रह अनुदान मिळालं. श्रावणबाळ योजनेचे हजार रुपयेही पुढे सुरळीत झाले, २०२३ पासून त्याचे पंधराशे झाले. पुण्याला मात्र ते आले नाहीत. मी तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा म्हणाले, “तिथे मी तुझ्याकडे पाहुणा. इथे लोक मला शोधत येतात.” मी चिडले होते. सात दिवसांची रजा संपली होती आणि माझ्या यादीतलं शेवटचं काम राहून गेलं होतं.

आता काम थोडंच करतात, नजर कमी झाली आहे. नवं रजिस्टर केलंय आणि ते फोटो काढून मला पाठवतात, महिन्याच्या महिन्याला. हा माझा आग्रह, आणि तो त्यांनी मानला. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी मी जाते. पावसाआधी लोकांची पुस्तकं खालच्या फळ्यांवरून माळ्यावर चढवायची. कुठलं पुस्तक कुठे, ते चाचा खाली खुर्चीत बसून सांगतात आणि मी चढवते. विचारल्याशिवाय काही हलवत नाही.

या वर्षी पुस्तकं जास्त आहेत आणि माझा गुडघा दुखतोय. दोघं-तिघं आलात तर बरं होईल. राहायची सोय आहे. शिडी जुनी आहे, तेवढं लक्षात ठेवा.