नळाचे वेळापत्रक



मोठ्या शहरातील गैरसोयींची यादी करावयास बसले तर ती लवकर संपावयाची नाही. खोदून ठेवलेले रस्ते, तुंबलेली गटारे, बसथांब्यावरील रांगा, ऐन परीक्षेच्या दिवसांत जाणारी वीज, हे सारे शहरवासीयांच्या अंगवळणी पडले आहे. परंतु एक गैरसोय अशी आहे की, घरातील माणसांनी केव्हा उठावे, केव्हा बाहेर पडावे आणि कोणी घरी थांबावे, हे तीच ठरविते. ती म्हणजे नळाला ठरावीक वेळीच येणारे पाणी. आजचे विवेचन एवढ्यापुरतेच मर्यादित आहे.

उदाहरणादाखल चेन्नई, म्हणजे पूर्वीचे मद्रास शहर घेता येईल. या शहराजवळून बारमाही नदी वाहत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसावर त्याची मुख्य भिस्त. 1872 साली रेड हिल्स तलावाचे पाणी शहरात आणण्यात आले. 1944 साली पूंडीचा जलाशय पूर्ण झाला आणि शहराचे महापौर राहिलेल्या एस. सत्यमूर्ती यांचे नाव पुढे त्याला मिळाले. 1976 साली महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी कृष्णेच्या पाण्यातून प्रत्येकी 5 अब्ज घनफूट पाणी या शहराला देण्याचे मान्य केले; ते कालव्याने पूंडीस पोहोचावयास 1996 साल उजाडले. पुढे समुद्राचे पाणी गोडे करण्याचे कारखानेही उभे राहिले. प्रयत्नांची कमतरता होती असे म्हणता येत नाही.

तरीही डिसेंबर 2015 मध्ये ज्या शहरातील घरे पुराच्या पाण्यात बुडाली, त्याच शहराचे चारही प्रमुख जलाशय 2019 च्या जूनमध्ये जवळजवळ कोरडे पडले. त्या जुलैत जोलारपेट्टईहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एका खेपेत सुमारे 25 लाख लिटर पाणी येई. टंचाईच्या काळात कपात करून शहराला जे पाणी दररोज दिले जात होते, त्याच्या तुलनेत हे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. आगगाडीची छायाचित्रे देशभर झळकली. पण शहराची तहान भागविण्याचे खरे काम टँकरपुढील रांगेत रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या घागरी घेऊन उभ्या असलेल्या स्त्रियांनीच केले.

पाणी कमी आहे म्हणून ते वेळेवर बांधून द्यावे लागते, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. कारण पाणी बांधून देण्याची पद्धत स्वतःच टंचाईत भर घालते. चावीवाल्याने झडप फिरविली की एका विभागातील प्रत्येक घर एकाच वेळी पाणी ओढू लागते. जमिनीखालच्या टाक्या, गच्चीवरच्या टाक्या, पिंपे, बादल्या, पातेली, सारे भरून घ्यावयाचे असते. ज्याच्याकडे पंप आहे तो शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणीही खेचतो, आणि वाहिनीच्या टोकाशी असलेल्या वस्तीला उरलेली धार मिळते. दुसऱ्या दिवशी ताजे पाणी आले की कालचे साठविलेले पाणी पुष्कळ घरांत ओतून टाकले जाते. याहून गंभीर गोष्ट जमिनीखाली घडते. पुरवठा बंद होताच वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि जेथे जेथे ती गळते, तेथून भोवतालचे घाण पाणी आत शिरते. म्हणजे जलशुद्धीकरण केंद्रातून स्वच्छ निघालेले पाणी घरी पोहोचेपर्यंत दूषित होण्याची सोय या वेळापत्रकानेच करून ठेवलेली असते.

या व्यवस्थेची किंमत सर्वजण सारखी मोजत नाहीत. सधन कुटुंब टाकी बांधते, पंप बसविते, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घेते आणि निर्धास्त होते. 2011 च्या जनगणनेनुसार नागरी भागातील सुमारे 71 टक्के कुटुंबांना पिण्याचे पाणी घराच्या आवारात मिळत होते. उरलेल्यांना त्यासाठी आवाराबाहेर जावे लागे. 1999 च्या केंद्रीय मार्गदर्शिकेने मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरात माणशी दररोज 135 लिटर पाणी गृहीत धरले. सार्वजनिक नळावर अवलंबून असणाऱ्यांसाठी मात्र 40 लिटर. पाच माणसांच्या कुटुंबाला हे चाळीस लिटरसुद्धा मिळवावयाचे झाले, तर 15 लिटरच्या घागरीने दिवसाकाठी तेरा-चौदा खेपा होतात. त्या खेपा बहुधा आई घालते, नाही तर मुलगी. पाणी कामाच्या वेळी आले तर रोजंदारी बुडते, शाळेच्या वेळी आले तर शाळा बुडते. नगरपालिकेच्या कोणत्याही अंदाजपत्रकात हा खर्च दाखविलेला नसतो. म्हणूनच पाणी स्वस्त आहे असा भास होतो.

ही स्थिती अटळ आहे काय? कर्नाटकात हुबळी-धारवाड, बेळगाव व गुलबर्गा येथील काही विभागांत 2008 च्या सुमारास चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला. हुबळी-धारवाडमध्ये पुढे केलेल्या तुलनेत अखंड पुरवठ्याच्या विभागांतील पाणी अधिक शुद्ध आढळले. 2021 साली ओडिशातील पुरी येथे नळाचे पाणी थेट पिता येईल अशी चोवीस तासांची व्यवस्था सुरू झाली. यासाठी केवळ नवे धरण पुरत नाही. गळती शोधणे, जुन्या वाहिन्या बदलणे, प्रत्येक जोडणीवर मापक बसविणे आणि झोपडवस्तीलाही अधिकृत जोडणी देणे ही कंटाळवाणी, उद्घाटनाच्या फितीशिवाय होणारी कामे त्यासाठी वर्षानुवर्षे करावी लागतात. हुबळी आणि पुरी ही चेन्नईच्या मानाने लहान गावे आहेत हे खरे. परंतु महानगरही अखेर अशाच लहान लहान विभागांचे बनलेले असते.

शहरवासीयांची सहनशीलता हा त्यांचा गुण मानला जातो. पहाटे तीनला उठून नळाशी बसणाऱ्या गृहिणीचे कौतुक होते. परंतु तिच्या जागरणाची नोंद नागरिकाच्या गुणांत न करता शहराच्या देण्यांत केली पाहिजे. किती लिटर पाणी पुरविले याचा हिशेब प्रत्येक नगरपालिका ठेवते. ते मिळविण्यासाठी किती घरांतील किती तास खर्ची पडले, याचा हिशेब ज्या दिवशी तिच्याकडे मागितला जाईल, त्या दिवशी नळाचे वेळापत्रक बदलू लागेल.