तपासणीच्या टेबलाखाली

(मुकुंदवाडी येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



धर्मादाय दवाखान्याला काही भेट द्यावे अशी इच्छा झाली म्हणजे दात्याच्या मनात बहुधा पहिले येते ते रुग्णाला तपासण्याचे टेबल. ते डोळ्यांना दिसते, वर्षानुवर्षे टिकते, आणि त्याच्या दर्शनी बाजूस नामफलक लावण्यास जागाही असते. खरेदीच्या वेळी गादी दाबून पाहिली जाते, रेक्झिनचा रंग निवडला जातो, भावात घासाघीस होते. टेबलाखाली वाकून पाहणारा ग्राहक मात्र क्वचितच आढळतो. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या टेबलाखालच्या अंधाऱ्या जागेचा आहे.

पूर्वीचे टेबल म्हणजे लोखंडी चौकट, वर फळी, फळीवर गादी. त्यात हलणारा भाग एकच, डोक्याकडची पाठ. ती दातेरी पट्टीवर अडकवून वर-खाली करावयाची. एवढ्या साध्या रचनेतही बिजागरीच्या फटीत बोट सापडते, आणि पट्टी निसटली तर रुग्णाच्या वजनासह पाठ एकदम खाली येते. आता वृद्धांना व गुडघेदुखीच्या रुग्णांना चढणे सोपे व्हावे म्हणून टेबलाची उंची विजेवर कमी-जास्त होते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु ज्या यंत्रणेने हे टेबल वर-खाली होते ती बहुतेक वेळा कैचीच्या आकाराची असते. दोन जाड पोलादी भुजा मध्यभागी खिळीने जोडलेल्या, आणि त्यांना ढकलणारा विजेचा दांडा. कैची उघडी असताना तिच्या भुजांमध्ये हात सहज जातो. ती मिटते तेव्हा वर रुग्णाचे वजन असते आणि मोटारीला कापड, लाकूड व मनगट यांतला भेद कळत नाही.

हा केवळ कल्पनेतला धोका नव्हे. जर्मनीत फिजिओथेरपीसाठी वापरल्या जाणाऱ्या, विजेवर उंची बदलणाऱ्या टेबलांच्या उचल-यंत्रणेत माणसे सापडून मृत्यू झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आणि तेथील औषधे व वैद्यकीय उपकरणे यांवर देखरेख करणाऱ्या संघीय संस्थेला २००४ साली त्याबाबत शिफारस काढावी लागली. अशा पुष्कळ टेबलांना खालच्या बाजूने पायाने दाबावयाची पट्टी असते, म्हणजे उपचार करणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. पण जमिनीवर गुडघे टेकून टेबलाखाली पुसणाऱ्या व्यक्तीचा गुडघा वा खांदा त्याच पट्टीवर पडला तर टेबल तिच्याच अंगावर उतरू लागते, आणि घाबरून अंग आवळले तर पट्टी अधिकच दाबली जाते. डॉक्टर टेबलाच्या बाजूला उभे असतात, रुग्ण वर असतो. टेबलाखाली जाते ती फरशी पुसणारी बाई, नाहीतर आईची तपासणी चालू असताना रांगत गेलेले मूल. त्या दोघांना विचारून टेबल कोणी घेत नाही.

रुग्णालयातील खाटांचाही अनुभव याच जातीचा आहे. अमेरिकेत १९८५ च्या आरंभापासून २०१३ च्या आरंभापर्यंत खाटेच्या कठड्यांत व फटींत रुग्ण अडकल्याच्या ९०१ घटना तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदल्या गेल्या. त्यांतील ५३१ रुग्ण दगावले. २००६ साली त्या प्रशासनाने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि डोके अडकू नये यासाठी फटीची मर्यादा १२० मिलिमीटर ठरवून दिली. कोणते अवयव किती जागेत चिरडले जाऊ शकतात याची मापे यंत्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकातही आहेत. हलत्या भागांमध्ये बोटासाठी किमान २५ मिलिमीटर जागा उरली पाहिजे, हातासाठी १००, पावलासाठी १२०, डोक्यासाठी ३०० आणि संपूर्ण शरीरासाठी ५००. कैचीच्या भुजा मिटतात तेव्हा एवढी जागा उरणे शक्यच नसते. म्हणून दुसरा मार्ग घ्यावा लागतो, तो म्हणजे अवयव तेथे पोहोचूच नये असे आवरण.

मुकुंदवाडीच्या श्रोत्यांना आवरण म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत येथून हाकेच्या अंतरावर आहे. प्रेसवर काम करणाऱ्या कामगारांची कुटुंबे या वस्तीत आहेत, आणि गार्ड काढून ठेवलेल्या यंत्राने काय होते हे त्यांना ठाऊक आहे. आपल्या देशात धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद १८८१ च्या कारखाना कायद्यातच होती. १९४८ च्या अधिनियमाच्या २१ व्या कलमाने त्यात एक मोलाची भर घातली होती : आवरण भक्कम असावे, सतत सुस्थितीत ठेवावे आणि यंत्र फिरत असताना ते आपल्या जागी असावे. तो अधिनियम जाऊन आता २०२० ची संहिता आली आहे; तरीही कोपऱ्यात उभे करून ठेवलेले आवरण हे आवरण नव्हे, हा विचार दवाखान्यालाही तंतोतंत लागू पडतो.

शेतीतही हेच घडले. मळणीयंत्रात हात जाऊन कायमचे अपंगत्व आलेले शेतमजूर खेड्यापाड्यांत दिसत. १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांविषयी स्वतंत्र कायदा केला तो मुख्यतः या मळणीयंत्रांमुळेच. पेंढी आत सारण्याची नळी लांब ठेवावी आणि तिचा काही भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे हात दात्यांपर्यंत पोहोचणार नाही, असा त्यावरचा उपाय होता. मोटारसायकलचे उदाहरण तर रोज डोळ्यांपुढून जाते. मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात अडकू नये म्हणून मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे साधन असावे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नमूद आहे. लोक त्याला साडीगार्ड म्हणतात. पदर, ओढणी, बांगड्या, मोकळे केस हे सारे तपासणीच्या टेबलाशीही येतात. परंतु साडीगार्डाविना गाडी घेण्यास कचरणारा गृहस्थ उघड्या कैचीचे टेबल निःशंकपणे दान करतो, ही विसंगतीच म्हणावी लागेल.

आता हे आवरण कसे असते ते पाहू. उंची बदलणाऱ्या वस्तूला पत्र्याचा एकसंध डबा चालत नाही. एकात एक सरकणारे पत्रे लावता येतात. ते मजबूत असतात, पण त्यांच्या कडांनाच नवी फट तयार होते. म्हणून बहुधा घडीचे आवरण वापरतात. हार्मोनियमचा भाता डोळ्यांपुढे आणावा. टेबल वर गेले की घड्या उलगडतात, खाली आले की मिटतात. ही वस्तू अखेर कापडाचीच आहे, आणि कापड म्हटले की त्याचे गुणदोष आलेच.

साधे सुती कॅनव्हास येथे उपयोगाचे नाही, कारण ते रक्त, औषध व ओल शोषून घेते. पॉलिएस्टरच्या विणीवर पीव्हीसी अथवा पॉलियुरेथेनचा थर दिलेले कापड योग्य. परंतु थर जाड असला की कापड उत्तम, असा जो समज बाजारात आहे तो येथे फसवा ठरतो. फार जाड थर घडीच्या रेषेवर लवकर तडकतो. तडा गेला की आतील धागा उघडा पडतो आणि मग ते कापड पुन्हा शोषू लागते. मराठवाड्याचा उन्हाळा आणि धूळ लक्षात घेता ही तक्रार येथे लवकर येणार. दवाखान्यात सोडियम हायपोक्लोराइट व स्पिरिट यांनी रोज पुसावे लागते, तेव्हा ज्या रसायनांनी पुसणार त्यांवर नमुन्याचा तुकडा काही दिवस घासून पाहावा आणि मगच पसंती द्यावी. शिवणीच्या सुईची छिद्रेही ओल आत नेतात. उष्णतेने जोडलेली शिवण त्यापेक्षा बरी. घडीच्या आत ताठ पट्ट्या असतात, त्या वगळून स्वस्तात केलेले आवरण आत ढासळते, आणि ज्या कैचीपासून रक्षण करावयाचे त्याच कैचीत ते स्वतः चावले जाते. आवरण लहान मापाचे असले तर टेबल पूर्ण वर गेल्यावर ते ताणून फाटते. म्हणून माप घेताना टेबल सर्वांत वर व सर्वांत खाली असे दोन्ही वेळा घ्यावे लागते.

काही डॉक्टरांचा आक्षेप असा की घड्यांत घाण साचते, त्यापेक्षा उघडी यंत्रणा स्वच्छ ठेवणे सोपे. आक्षेप खोटा नाही. त्यासाठी आवरण काढता-घालता येईल असे, चिकटपट्टीने अगर चुंबकाने बसणारे करतात. पण जे सहज निघते ते सहज निघून राहतेही. दुरुस्तीला आलेला कारागीर ते काढतो, एखादी पट्टी हरवते, आणि आवरण कपाटावर जाऊन बसते. यावर उपाय कापडात नाही, दवाखान्याच्या नोंदवहीत आहे. दुरुस्तीची पावती चुकती करण्यापूर्वी आवरण जागेवर आहे काय हे एकाने पाहून सही करावी, इतकी ती साधी गोष्ट आहे.

शिवाय आवरण हे काही सर्वस्व नव्हे. बटण दाबून धरले तरच टेबल हलावे आणि सोडताच थांबावे. पायाच्या बटणावर टोपी असावी, म्हणजे चुकून पाय पडणार नाही. खोली बंद करताना टेबलाची वीज किल्लीने तोडता यावी आणि ती किल्ली टेबलालाच लटकत राहू नये. खाली येणाऱ्या टेबलाखाली स्टूल, बादली किंवा चाकाच्या खुर्चीचा पायठेवा राहतो, ती जागा मोकळी ठेवावी.

विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणांसाठी भारतीय मानक संस्थेचे आय.एस. १३४५० हे मानक आहे आणि यांत्रिक धोक्यांचा विचार त्यात केलेला आहे. एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली आहेत. त्यामुळे खरेदी करणाऱ्या संस्थेला विक्रेत्याकडे परवान्याची अथवा नोंदणीची प्रत मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मागणीपत्रात गादीची जाडी व रंग यांच्याखाली आणखी एक ओळ लिहावी : उचल-यंत्रणा चारही बाजूंनी झाकलेली असावी, आणि आवरणाचा एक जादा संच सोबत द्यावा. दरपत्रके आली की त्या ओळीपुढे कोणी काय लिहिले आहे ते प्रथम वाचावे, आणि टेबल दवाखान्यात आले की फलक लावण्यापूर्वी कोणीतरी एकाने खाली वाकून पाहावे.