लाल कुआंचे हकीमसाहेब

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरातील भाषणाचा मजकूर)



तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाला ‘कुटुंबाचा व्यवसाय आणि समाज’ असं भारदस्त नाव दिलंय. मी काही विचारवंत नाही. गेली तीस वर्षं मिरज-सांगलीकडच्या छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो. बेकरीवाले, चपलांचे दुकानदार, फर्निचरवाले, अत्तरवाले असे लोक. त्यामुळे माणूस केवढाही मोठा असो, मी त्याच्याकडे त्याच्या वहीतून बघतो. पैसा कुठून आला, कुठे गेला आणि मालकाच्या डोळे मिटण्यानंतर कुणाच्या हाती पडला, हे बघतो. आज एकाच माणसाविषयी बोलणार आहे. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याचे हकीम अब्दुल हमीद. जन्म १९०८, मृत्यू १९९९. नव्वद वर्षांचं आयुष्य, आणि त्यातली पंचाहत्तरेक वर्षं एकाच दुकानाच्या काळजीत गेलेली.

नाव ऐकलं नसेल, पण त्यांच्या दुकानाचं सरबत तुम्ही सगळ्यांनी प्यायलंय. रमजानमध्ये रूह अफ़ज़ाची बाटली नाही असं आपल्याकडचं घर दाखवा. आमच्या घरी तर रिकामी बाटलीही फेकत नसत, अम्मी तीत खोबरेल तेल भरून ठेवायची. लहानपणी मला ते सरबत आपल्याच गावातलं वाटायचं. ते दिल्लीचं आहे हे फार उशिरा कळलं. मात्र त्याच्या सुरुवातीच्या रंगीत लेबलाचा मुंबईशी संबंध सांगतात. एवढ्या रंगांची छपाई तेव्हा दिल्लीत होत नव्हती, म्हणून ती मुंबईत एका पारशी छापखान्यात करून घेतली गेली.

दुकान सुरू केलं वडिलांनी, हकीम हाफ़िज़ अब्दुल मजीद यांनी, १९०६ साली जुन्या दिल्लीत. पुढच्याच वर्षी रूह अफ़ज़ा आलं. दिल्लीच्या उन्हाळ्यात लू लागून माणसं आडवी होतात, त्यावरचा थंडावा म्हणून. म्हणजे मूळ औषधाच्या घरचंच. १९२२ मध्ये अब्दुल मजीद वारले, चाळिशीही गाठली नव्हती. मागे विधवा राबिया बेगम, थोरला अब्दुल हमीद चौदा वर्षांचा आणि धाकटा मुहम्मद सईद अवघा दोन वर्षांचा.

इथे मी जरा थांबतो, कारण माझ्या वह्यांमध्ये हा प्रसंग मी कितीतरी वेळा बघितलाय. मालक अचानक जातो. चाळीस दिवस होतात न होतात तोच चुलते, मेहुणे, जुने नोकर सल्ले द्यायला लागतात. बाईला काय कळतं व्यापारातलं, दुकान भाड्याने द्या, विकून टाका, पोरं मोठी होईपर्यंत आमच्याकडे सोपवा. दहापैकी सात दुकानं इथेच संपतात. हमदर्द संपलं नाही, कारण राबिया बेगमनी ते संपू दिलं नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या जुन्या दिल्लीतली, पडद्यात वाढलेली बाई. तिने पोराला हाताशी धरून दवाखाना चालवला. हमदर्दचा इतिहास सांगताना संस्थापक आणि त्यांचे दोन कर्तबगार मुलगे अशी रांग लावतात आणि आईचं नाव एका वाक्यात उरकतात. मला विचाराल तर त्या घरातली पहिली व्यवस्थापक तीच. तुमच्यापैकी कुणाच्या घरी दुकान असेल तर आज रात्री एवढंच आठवा, गल्ल्याच्या मागे बसून उधारीची यादी कोण तोंडपाठ ठेवतं आणि पाटीवर नाव कुणाचं आहे. अब्दुल हमीदांनी पुढे बल्लीमारानच्या गली क़ासिम जानमध्ये मुलींची शाळा काढली, तिला राबिया हे नाव आहे.

अब्दुल हमीद स्वतः तिब्बिया कॉलेजात शिकले. करोल बागेतलं, हकीम अजमल ख़ान यांनी उभारलेलं. त्याचं उद्घाटन १९२१ मध्ये गांधीजींनी केलं होतं. शिकले आणि दुकानात बसले. नाडी बघायची, नुस्ख़ा लिहायचा, मागच्या बाजूला काढे, माजून, अर्क कसे बनतात त्यावर नजर ठेवायची. हळूहळू घरगुती खलबत्त्याच्या जागी यंत्रं आणली, औषधाला ठरलेलं प्रमाण आणि बंद बाटली आली. युनानी औषध हकिमाच्या हातचं असतं अशी लोकांची समजूत होती, ते कारखान्यातही तसंच बनू शकतं हे या घराण्याने दाखवलं.

त्यांची आरती ओवाळायला मी आलेलो नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. १९५४ मध्ये केंद्र सरकारने औषधांच्या जादूई जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. अमुक रोग हमखास बरा करतो असे दावे छापायला मनाई. त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलेल्यांत हमदर्द दवाखाना होता. आमच्या अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर घाला आहे असं त्यांचं म्हणणं. डिसेंबर १९५९ मध्ये निकाल लागला. कायद्यातला थोडा भाग कोर्टाने रद्द केला, पण माल खपवण्यासाठी केलेली असली जाहिरात म्हणजे विचारस्वातंत्र्य नव्हे, हे स्पष्ट सांगितलं. मला कोर्टाचं पटतं. आजही मोबाईलवर ‘साखर मुळापासून घालवा’ म्हणणारे हकीम आणि वैद्य दोन्ही दिसतात, आणि आपली माणसं इन्सुलिन सोडून त्यांच्या नादी लागतात. चांगला माणूस दुकानदार म्हणून चुकीच्या बाजूला उभा राहू शकतो.

आता १९४८. फाळणीनंतर जुन्या दिल्लीतल्या मुस्लिम मोहल्ल्यांची काय अवस्था झाली होती ते तुम्ही वाचलं असेल. धाकटे सईद जानेवारी १९४८ मध्ये कराचीला गेले. थोरले दिल्लीतच राहिले. एका आईचे दोन मुलगे, मध्ये सरहद्द. पाकिस्तानात गेलेल्यांची इथली मालमत्ता तेव्हा कस्टोडियनकडे जात होती. त्याच वर्षी अब्दुल हमीदांनी हमदर्द वक्फ केलं.

वक्फ म्हणजे काय हे नीट समजून घ्या, कारण हा शब्द आता टीव्हीवर शिवीसारखा वापरतात. मालमत्ता अल्लाहच्या नावे कायमची बांधून टाकायची. मग ती विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. तिचं उत्पन्न ठरवून दिलेल्या कामालाच लावायचं. देखरेख करणारा मुतवल्ली, तो मालक नसतो. आता कुणी म्हणेल, त्या धामधुमीत दुकान वाचवायलाच वक्फ केलं असेल. असेलही, व्यापारी माणूस सगळ्या बाजूंनी विचार करतो. पण संकट टळल्यावर त्यांनी जे केलं ते बघा. त्यानंतर ते पन्नास वर्षं जगले. धंदा भरभराटीला आला, आणि नफा शाळा, कॉलेज, दवाखान्यांत जात राहिला. त्यासाठी १९६४ मध्ये हमदर्द नॅशनल फाउंडेशन उभं केलं. कराचीत धाकट्या भावाने शून्यातून दुसरं हमदर्द उभारलं, आणि १९५३ मध्ये तेही वक्फ केलं. सरहद्दीच्या दोन बाजूंना दोघांनी एकच निर्णय घेतला. मला यात आईचं शिक्षण दिसतं.

एक खबरदारीही सांगून ठेवतो. वक्फ म्हटलं की आपोआप पुण्य झालं असं नाही. घराण्यासाठी केलेल्या वक्फला, वक्फ-अलल-औलादला, प्रिव्ही कौन्सिलने १८९४ मध्ये अवैध ठरवलं होतं. ते पुन्हा वैध करणारं १९१३ चं विधेयक बॅरिस्टर जिना यांनी मांडलं. असले वक्फ काही घरांत मुलींचा वाटा बुडवायलाही वापरले गेले. २०२५ च्या दुरुस्तीत स्त्रियांचा वारसा यामुळे बुडता कामा नये असं लिहिलंय. त्या कायद्यातल्या बाकी कलमांवर माझं मत वेगळं आहे, तो वेगळ्या भाषणाचा विषय. आणि मुली काय फक्त वक्फमुळेच बुडतात? आमच्याकडे त्याहून स्वस्त उपाय आहे, शंभराचा... आता पाचशेचा स्टँप पेपर. एक बेकरीवाले चाचा माझ्याकडे बहिणीचं हक्कसोडपत्र घेऊन आले होते. पाच वक्ताचे नमाजी. म्हणाले, “तिने खुशीने सोडलंय.” मी विचारलं, खुशीने सोडलं तर फुपू बाहेर रिक्षात का बसल्यात, आत का नाही आल्या? चाचा गप्प झाले. कुराणाने दिलेला हिस्सा भावाच्या तोंडाकडे बघून सोडायला लावणं आणि वर त्याला कुटुंब एकत्र ठेवणं म्हणणं, हे मी मानत नाही.

पुन्हा हकीमसाहेबांकडे येतो. दिल्लीच्या तुग़लक़ाबाद भागात त्यांनी जमीन घेऊन एकेक संस्था उभारली. वैद्यकाच्या इतिहासाची, इस्लामी अभ्यासाची, युनानीचं कॉलेज, फार्मसीचं कॉलेज, मजीदिया रुग्णालय. नर्सिंग कॉलेजला रुफ़ैदा यांचं नाव दिलं, पैगंबरांच्या काळात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या बाईंचं. मौलवी मंडळी स्त्रीचं घराबाहेरचं काम म्हटलं की कपाळाला आठ्या घालतात तेव्हा मला हे नाव आठवतं. या सगळ्या संस्था मिळून १९८९ मध्ये जामिया हमदर्द हे अभिमत विद्यापीठ झालं. निज़ामुद्दीनला ग़ालिबच्या कबरीशेजारी ग़ालिब अकादमी आहे, तीही त्यांचीच. १९६९ मध्ये राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांनी तिचं उद्घाटन केलं. स्पर्धा परीक्षांसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं. सरकारने पद्मश्री दिली, पुढे पद्मभूषण दिली. स्वतः शेरवानीतला साधा माणूस. तपासणीची फी घेत नसत.

शेवटचं वर्ष मात्र कठीण गेलं. १७ ऑक्टोबर १९९८ रोजी कराचीत हकीम सईद यांना त्यांच्या दवाखान्यासमोर गोळ्या घालून मारलं. ते सिंधचे राज्यपाल होऊन गेलेले, मुलांसाठी आयुष्यभर लिहिणारे गृहस्थ. दोन वर्षांचा असल्यापासून ज्याला सांभाळलं तो भाऊ. थोरल्याने नऊ महिने काढले आणि २२ जुलै १९९९ रोजी दिल्लीत डोळे मिटले.

त्यांच्यानंतरच्या पिढ्यांत कारभारावरून मतभेद झाले, ते कोर्टातही गेले. वक्फ केल्यावर मालकी संपते, पण खुर्ची उरते, आणि भांडण खुर्चीवरूनही होतं. म्हणून मुतवल्ली कसा निवडायचा, हिशेब कुणाला दाखवायचा, हे आधीच लिहून ठेवावं लागतं. दुकानाचंही तसंच आहे. अब्बा धडधाकट आहेत तोवर विचारा, आपण गेल्यावर काय, ताईचं काय, अम्मीचं काय. मृत्यूचं बोलणं अशुभ मानू नका. आपल्यात तर वसीयत लिहून ठेवायला सांगितलंय. एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता इतर वारसांच्या संमतीशिवाय वसीयतीने देता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

माझी वेळ संपलीय, संयोजक घड्याळ दाखवताहेत. जेवणानंतर मी मागच्या ओसरीवर बसणार आहे. ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांनी वही नसली तरी प्रश्न घेऊन यावं. मुलींनी आधी यावं.