अव्यक्ताची पेटी



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून ग्रंथांविषयी बोलले जावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. आजचा विषय मात्र काडेपेट्या आणि चिंचोके यांचा आहे. ग्रंथांशी त्याचे नाते नाही असे नाही; ते ओघात येईलच.

सातवी-आठवीतल्या कोणत्याही मुलाची बीजगणिताची वही उघडून पाहावी. एका पानावर असे समीकरण असते : ३क्ष + ४ = क्ष + १०. त्याखालची ओळ ३क्ष − क्ष = १० − ४, त्याखाली २क्ष = ६ आणि शेवटी क्ष = ३. उत्तर बिनचूक, त्यावर शिक्षकांची लाल खूणही झालेली. आता त्या मुलाला विचारावे, "अधिक चार पलीकडे जाताना उणे चार का झाले?" उत्तर पाठ असते : "बाजू बदलली की चिन्ह बदलते." पुन्हा विचारावे, "पण का बदलते?" येथे मूल गप्प होते. बरोबरच्या चिन्हावर जणू एखादे जकात नाके आहे आणि ते ओलांडणाऱ्या प्रत्येकाला आपले चिन्ह तेथे बदलून घ्यावे लागते, अशी काहीशी त्याची समजूत असते. मग तेच मूल दुसऱ्या दिवशी २क्ष = ६ वरून क्ष = ६ − २ = ४ असे लिहिते. दोन पलीकडे नेला, चिन्ह बदलले. नियम तर पाळलाच! तेव्हा त्याला दुसरा नियम सांगितला जातो की गुणणारा पलीकडे गेला की भागणारा होतो. नियमावर नियम चढत जातात आणि एका टप्प्यावर चांगले समंजस मूलही ठरवून टाकते की हा विषय आपल्यासाठी नाही. त्या वयात बसलेली ही समजूत सहसा आयुष्यभर उठत नाही.

वस्तुतः पलीकडे काहीच जात नाही. दोन्ही बाजूंतून सारखेच काही काढले जाते, इतकेच घडते. परंतु हे "इतकेच" फळ्यावर लिहून कळत नाही; ते हातांनी करावे लागते.

त्यासाठी लागणारे साहित्य कोणत्याही मराठी घरात निघेल. पंधरावीस रिकाम्या काडेपेट्या, वाटीभर चिंचोके आणि खडू. जमिनीवर खडूने दोन मोठी पारडी काढायची. एकदा, फक्त एकदाच, खरा तराजू मुलांसमोर धरून दाखवावा : दोन्ही पारड्यांतून सारखे वजन काढले तर दांडी आडवीच राहते, एकाच पारड्यातून काढले तर कलते. त्यानंतर तराजू बाजूला ठेवावा. याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. सगळे चिंचोके एका वजनाचे नसतात आणि रिकाम्या काडेपेटीलाही स्वतःचे वजन असते. खऱ्या तराजूवर हा खेळ मांडणाऱ्याचा पहिला अर्धा तास काटा का हलतो हे समजावण्यातच जातो.

आता शिक्षकाने मुलांच्या नजरेआड प्रत्येक काडेपेटीत तीन-तीन चिंचोके घालून त्या मिटाव्यात. डाव्या पारड्यात तीन पेट्या व चार सुटे चिंचोके. उजव्यात एक पेटी व दहा सुटे चिंचोके. मुलांना दोनच गोष्टी सांगायच्या : सर्व पेट्यांत चिंचोके सारखे आहेत आणि दोन्ही पारड्यांतील एकूण चिंचोकेही सारखेच आहेत. पेटी न उघडता आतील संख्या सांगा.

मुले प्रथम अंदाज करतात, आणि ते करू द्यावेत. थोड्या वेळाने कोणीतरी दोन्हीकडचे चार-चार सुटे चिंचोके उचलते. डावीकडे तीन पेट्या उरतात, उजवीकडे एक पेटी व सहा चिंचोके. येथे बहुधा शांतता पसरते. दोन्हीकडून एकेक पेटी उचलावी, हे सुचायला वेळ लागतो. कारण पेटी मिटलेली आहे, तिच्यात किती आहेत हे ठाऊक नाही, मग जे ठाऊक नाही ते काढायचे कसे? ज्या क्षणी एखादे मूल धीर करून दोन मिटलेल्या पेट्या दोन्हीकडून उचलते, त्या क्षणी ते अंकगणितातून बीजगणितात आलेले असते. उरतात दोन पेट्या आणि सहा चिंचोके. मग पेटी उघडायची. वहीत ज्याला ताळा म्हणतात, तो हाच; फक्त येथे मुले तो करण्यासाठी एकमेकांच्या अंगावर पडतात.

हा क्षण कल्पनेतला नाही. मेक्सिकोतील एउहेनिओ फिलोय आणि तेरेसा रोहानो या अभ्यासकांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात नेमक्या याच ठिकाणी एक भेग दाखवून दिली. २क्ष + ३ = ११ हे समीकरण बीजगणित न येणारे मूलही सोडवते : अकरातून तीन वजा, आठाचे निम्मे, चार. उलट्या पावलांनी चालत गेले की झाले. अज्ञात राशी दोन्ही बाजूंना आली की उलटे चालता येत नाही. तेथे अज्ञातावरच क्रिया करावी लागते. आपल्याकडे पाठ्यपुस्तके एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात पान उलटावे तशी जातात. मूल नेमके त्या पानापाशी अडखळते आणि दोष मात्र त्याच्या बुद्धीला दिला जातो.

दुसरा गैरसमज बरोबरच्या चिन्हाचा. पाच-सहा वर्षे ८ + ४ = असे लिहून पुढे उत्तर मांडण्याची सवय झालेली असते; त्यामुळे ते चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिहा" असा हुकूम वाटतो. ८ + ४ = □ + ५ या चौकटीत कोणती संख्या येईल, असे अमेरिकेतील प्राथमिक वर्गांत विचारले असता बहुसंख्य मुलांनी १२ किंवा १७ असे उत्तर दिले; १९९९ साली प्रसिद्ध झालेली ही पाहणी शिक्षणक्षेत्रात सर्वश्रुत आहे. बरोबर उत्तर अर्थातच ७. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली हे चिन्ह प्रथम छापले, तेव्हा दोन समांतर रेघांहून अधिक सारखे जगात काही नाही, असे त्याचे कारण दिले होते. खडूची दोन पारडी पाहिलेल्या मुलाला ते कारण वेगळे सांगावे लागत नाही.

आता ग्रंथांकडे वळू. ही सारी मांडणी पाश्चात्त्य शिक्षणशास्त्रातून आली, असा समज होण्याचा संभव आहे. आधुनिक काळात झोल्तान डीन्स, जेरोम ब्रूनर यांनी वस्तूंच्या साह्याने बीजगणित शिकवण्याचे मोठे काम केले, हे खरेच. मारिया माँटेसरी १९३९ साली मद्रासला आल्या, त्यांच्या साधनांत (अ + ब) या राशीचा घन लाकडी ठोकळ्यांनी जुळवून दाखवणारी पेटीही आहे. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला त्या विचाराला इथल्या मातीतले, स्वस्त साहित्य दिले. परंतु आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथाच्या गणितपादात अज्ञात राशीसाठी जो शब्द आहे तो "गुलिका", म्हणजे गोळी, मणी. दोन माणसे आहेत; दोघांजवळ काही गुलिका व काही रूपके आहेत आणि दोघांची संपत्ती समान आहे. रूपकांतील अंतराला गुलिकांतील अंतराने भागावे म्हणजे एका गुलिकेचे मोल मिळते, असा नियम. पहिल्या भास्कराने इ. स. ६२९ मधील भाष्यात गुलिका म्हणजे जिचे मोल ठाऊक नाही अशी वस्तू, असा अर्थ दिला आहे. अव्यक्त राशी आधी मुठीत मावणारा मणी होती, अक्षर नंतर झाली. काडेपेटी ही त्या गुलिकेचीच धाकटी बहीण.

दुसऱ्या भास्कराचार्यांच्या, म्हणजे लीलावतीकारांच्या, बीजगणितात हाच साचा घोड्यांच्या उदाहरणात येतो. एकाजवळ तीनशे रूपये आणि सहा घोडे. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे दहा घोडे, पण डोक्यावर शंभराचे कर्ज. दोघांची संपत्ती सारखी. तर घोड्याची किंमत काय? ग्रंथकार दोन्ही बाजू एकाखाली एक मांडतात : "या ६ रू ३००" आणि त्याखाली "या १० रू १००", त्यातील शेवटच्या शंभरावर ऋणाची खूण म्हणून टिंब. "या" म्हणजे यावत्तावत्, आपला क्ष. "रू" म्हणजे रूप, सुटी संख्या.

हे उदाहरण काडेपेट्यांनी सोडवून पाहण्यासारखे आहे. एक चिंचोका म्हणजे शंभर रूपये आणि एक पेटी म्हणजे एका घोड्याची किंमत असे ठरवू. डावीकडे सहा पेट्या व तीन चिंचोके. उजवीकडे दहा पेट्या आणि लाल रंगवलेला एक चिंचोका, म्हणजे कर्ज. (लाल दिसतात म्हणून गुंजा घेण्याचा मोह होईल, त्या विषारी असतात, मुलांच्या हाती देऊ नयेत.) साधा एक आणि लाल एक मिळून काहीच नाही, कर्ज फिटले, हा एक नवा करार मुलांशी करायचा. आता दोन्हीकडे एकेक साधा चिंचोका घातला की उजवीकडचे कर्ज फिटते आणि डावीकडे चार होतात. दोन्हीकडून सहा-सहा पेट्या उचलल्या की चार चिंचोके आणि चार पेट्या समोरासमोर उरतात. घोड्याची किंमत शंभर.

एक गोष्ट मात्र येथे लपवून चालणार नाही. लाल चिंचोका खऱ्या तराजूत टाकला तर पारडे वर जाणार नाही, खालीच जाईल. उणे वजन जगात नाही. बेल्जियममधील शाळांत यावर काम करणाऱ्या जोएल व्लासिस यांनी २००२ साली हेच नोंदवले की तराजूची प्रतिमा समतेचे तत्त्व मुलांच्या मनात पक्के करते, पण ऋण संख्या आल्या की चुका होतात आणि ती प्रतिमा अपुरी पडते. म्हणून येथे शिक्षकाने उघडपणे सांगावे की आतापर्यंत वजन केले, आता हिशेब करू. पारड्यांच्या जागी दोन माणसांच्या तिजोऱ्या येतात. आर्यभट आणि भास्कराचार्य यांनी तराजू न घेता दोन माणसांची संपत्ती घेतली, त्यातले शहाणपण या ठिकाणी ध्यानात येते. वजन उणे होत नाही. माणसाची संपत्ती होते.

मराठी भाषकांना येथे एक आयता लाभ आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन आणि ऋण यांचे नियम सांगितले, ते मालमत्ता आणि कर्ज याच अर्थाने. तो अर्थ मराठीत अजून जिवंत आहे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांतील मुले कानडी, गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. इंग्रजीतला "निगेटिव्ह" त्यांना नुसता नकार वाटतो. घरात आजी मात्र पितृऋण, ऋणानुबंध, ऋणमुक्त असे शब्द सहज बोलते. हा शब्द आपल्या नातवाच्या गणिताच्या वहीतही आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते आणि नातवालाही नसते.

साहित्याचे दोष आहेत. पहिला असा की अक्षर आणि वस्तू यांची गल्लत होते. पेटीसाठी "प" घेतला की मूल ३प म्हणजे "तीन पेट्या" असे वाचते. त्याचा खरा अर्थ पेटीतल्या संख्येची तिप्पट. क्ष हे अक्षर त्या दृष्टीने बरे, क्षने सुरू होणारी वस्तू हाताशी सापडत नाही. दुसरा आणि अधिक सार्वत्रिक दोष म्हणजे एक तास खेळ होतो, दुसऱ्या दिवशी फळ्यावर जुनीच रीत सुरू होते आणि दोहोंचा संबंध मुलांच्या लक्षातच येत नाही. यावर उपाय साधा आहे. मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने पेट्या हलवाव्यात, दुसऱ्याने त्याच वेळी प्रत्येक हालचालीची एक ओळ लिहावी. मग अदलाबदल. काही दिवसांनी पेट्यांऐवजी वहीत चौकटी व ठिपके काढावेत, आणि पुढे तेही गळून पडावेत. पेटी कधी सोडायची हे मूलच ठरवते. लिहिणारा हलवणाऱ्याच्या पुढे धावू लागला की वेळ झाली असे समजावे. अपूर्णांक, वर्गसमीकरणे यांपर्यंत काडेपेटी ओढत नेण्यात अर्थ नाही.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची नोंद त्यात आहे. ग्रंथ जपून ठेवणे त्याला पुरेसे वाटले नव्हते. शताब्दी साजरी करणाऱ्या या वास्तूतही रविवारी सकाळी वाचनकक्षाचा एक कोपरा मोकळा असतो, आणि भास्कराचार्यांचे बीजगणित बहुधा कपाटात असते.

असा वर्ग सुरू झालाच, तर चौथ्या-पाचव्या बैठकीला मुलांनीच एकमेकांसाठी समीकरणे मांडावीत. एकाने पेट्या भरायच्या, दुसऱ्याने ओळखायचे. पेट्यांत चिंचोके सारखे न भरल्याच्या तक्रारी येतील, त्या ऐकून घ्याव्यात. आणि एखाद्या दिवशी कोणीतरी खोडसाळपणे डावीकडे दोन पेट्या व तीन चिंचोके, उजवीकडे दोन पेट्या व पाच चिंचोके मांडून "सोडव" म्हणेल. समोरचे मूल नेहमीप्रमाणे दोन्हीकडच्या पेट्या उचलेल आणि उरलेल्या तीन आणि पाच चिंचोक्यांकडे पाहत राहील. तेव्हा शिक्षकाने घाईने काही बोलू नये.