आनंदीबाईंचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज काय बोलावे याचा चार दिवस विचार करीत होते, तो विषय घरातच सापडला. पुढल्या महिन्यात माझ्या नातीचे बारसे आहे. सुनेने 'आनंदी' हे नाव मनात धरले आहे. ते ऐकून आमच्या सासूबाई म्हणाल्या, "कोपरगावात राहून हे नाव? बाकीची नावे संपली की काय?"

त्यांचे म्हणणे आपल्याला लगेच कळते. आनंदीबाई म्हणजे राघोबादादांच्या पत्नी, 'ध'चा 'मा' करणाऱ्या. ही गोष्ट आपण शाळेत जाण्याआधीच ऐकलेली असते. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना मारले. हुकूम 'धरावे' असा होता, तो काकूने 'मारावे' असा केला, असे सांगतात. रामशास्त्री प्रभुण्यांनी मात्र चौकशी करून दोष दिला तो राघोबादादांना. ग्रँट डफने 1826 साली मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात अक्षर बदलल्याचे आनंदीबाईंवर आले आहे, पण तेही लोकांचा समज म्हणून. खाडाखोडीचा तो कागद काही कोणी पुढे ठेवलेला नाही.

त्या अगदी निरागस होत्या असे मी म्हणणार नाही. नवऱ्याला पेशवाई मिळावी असे त्यांना वाटत नव्हते, यावर माझा विश्वास बसणार नाही. पण खुनानंतर पेशवाईची वस्त्रे घेतली दादांनी, आणि म्हण झाली बायकोची. दादांचे नाव काढले की लोकांना 1758 ची लाहोरची स्वारी आठवते, अटकेपार झेंडे आठवतात. बाईंच्या वाट्याला एक अक्षर आले.

इटलीतही असेच झालेले आहे. बोर्जिया नावाचे बडे घराणे होते. त्यातला रोद्रिगो 1492 साली पोप झाला. त्याची मुलगी लुक्रेझिया. बापाच्या आणि भावाच्या राजकारणासाठी तिची तीन लग्ने लावली. पहिले मोडले, दुसरा नवरा 1500 साली मारला गेला. तिसऱ्या सासरी, फेरारात, नवरा बाहेर असे तेव्हा तिने कारभार पाहिला, दलदलीची जमीन कोरडी करून लागवडीस आणली. 1519 साली बाळंतपणानंतर गेली, तेव्हा वय अवघे एकोणचाळीस. तिने कोणाला विष दिल्याचा पुरावा नाही. पण 1833 साली व्हिक्टर ह्यूगोने नाटक लिहिले, त्यावर लगेच संगीत नाटकही आले, आणि जगभर ती विषारी बाई ठरली. त्याच घराण्यातला तिच्या भावाचा नातू पुढे संत म्हणून गणला गेला, हे कोणाच्या लक्षातही नसते!

असो, आपल्या गावाकडे येऊ. 1782 च्या सालबाईच्या तहानंतर दादा कोपरगावी येऊन राहिले आणि 1783 च्या डिसेंबरात वारले. आनंदीबाईंना तेव्हा दिवस गेले होते. धाकटे चिमाजीअप्पा 1784 साली इथेच जन्मले, वडिलांचे तोंड न पाहता. थोरले बाजीराव नऊ वर्षांचे. पुण्याहून नाना फडणिसांची नजर सतत या वाड्यावर. त्या पहाऱ्यात बाईंनी मुले वाढवली, नंतर त्यांना नाशिकजवळ आनंदवल्लीस हलवले, आणि 1794 साली तिथेच त्यांनी डोळे मिटले. इथल्या वाड्यात इंग्रजी अमलात कचेऱ्या बसल्या. हिंगणीचा वाडा मोडून त्याचे सामान विकले गेले. आपण त्या बाजूने जातो तेव्हा दादांचे नाव घेतो. विधवा होऊन दोन पोरांसह इथे वर्षे काढणारी बाई कोणाला आठवते? मलाही हे भाषण करायचे नसते तर आठवली नसती.

आनंदवल्ली हे नाव दादांनीच बायकोवरून ठेवले. तेथून निघालेले गोदेचे पाणी आपल्या घाटावरून पुढे जाते.

सासूबाईंना मी हे सारे वाचून दाखवले. यमुना जोशी लग्नानंतर आनंदी झाली आणि 1886 साली डॉक्टरीण झाली, हेही सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरणीचे म्हणून ठेवा हवे तर." मी म्हटले, "नाही, कोपरगावच्या आनंदीबाईंचे म्हणूनच ठेवायचे आहे." त्यावर त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. बारशाला याल तेव्हा कळेलच.