ईबीसीचा फॉर्म
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



बाई समोर बसल्यात, त्यामुळे अजूनही हात मागे बांधून बोलावंसं वाटतंय.

मी अमेरिकेत एका कम्युनिटी कॉलेजात मुलांचे मदतीचे अर्ज बघतो. तिथेही कॉलेजची मुलं उपाशी राहतात, हे सांगितलं तर इथे कुणाला खरं वाटत नाही. तिथे सरकारची ‘स्नॅप’ नावाची योजना आहे. कमी उत्पन्नाच्या घराला दरमहा एका कार्डावर पैसे येतात, त्यातून दूध, पीठ, भाजी घ्यायची. पण १८ ते ४९ वयाचा विद्यार्थी निदान अर्धवेळ शिकत असेल, तर नुसती गरिबी पुरत नाही. आठवड्याला २० तास पगारी काम, सहा वर्षांखालचं मूल, किंवा ‘वर्क-स्टडी’, म्हणजे आपली कमवा आणि शिका, असं काहीतरी लागतं. आपल्याकडून व्हिसावर शिकायला गेलेल्यांना तर ही मदत नाहीच. तेव्हा मुलं तिकडे असतील, तर फोनवर ‘जेवलास का?’ हे दोनदा विचारा.

२०१६ मध्ये पात्र ठरू शकणारे जवळजवळ २० लाख विद्यार्थी ही मदत घेत नव्हते, असं तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांचा अहवाल सांगतो. काहींना नियम माहीत नसतात. काहींना लाज वाटते.

एक मुलगी दुकानात १८ तास काम करायची. दोन तासांसाठी नियमात बसत नव्हती. तिला लायब्ररीत वर्क-स्टडी मिळवून दिली, अट सुटली. तरी फॉर्म समोर ठेवल्यावर म्हणाली, “माझ्यापेक्षा गरजू कुणाला तरी द्या.”

मला एकदम आपली आठवी ब आठवली. वडिलांचं काम सुटलं होतं. ईबीसीचा फॉर्म कुणाला हवा, असं विचारल्यावर मी खाली मान घालून बसलो. घरी सांगितलं, फॉर्म संपले. दुसऱ्या दिवशी बाईंनी अख्ख्या वर्गाला फॉर्म वाटले, डॉक्टरांच्या मुलालासुद्धा. म्हणाल्या, “घरी दाखवा. लागत नसेल तर परत आणा.” कुणी कुणाकडे बघितलं नाही. तलाठ्याचा दाखला जोडून माझा फॉर्म गेला आणि माझी शाळा सुटली नाही.

त्या मुलीला मी हेच सांगितलं. तिने फॉर्म भरला. आता पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक मुलाच्या हातात तो कागद देतो. स्नॅपचं कार्डही बँकेच्या कार्डासारखंच दिसतं; रांगेत मागे उभ्या असलेल्याला चटकन कळत नाही.

मित्रांनो, आपल्या बॅचने आज शाळेला मदतनिधी दिला, याचा आनंद आहे. एकच विनंती. मुलांना स्टेजवर बोलावून, हार घालून, फोटो काढून ही मदत देऊ नका. फॉर्म सगळ्या वर्गाला वाटा.

बाई, तुम्हाला तो दिवस आठवतही नसेल. मी विसरलेलो नाही.